एक रेघ पुढं

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी.
शटर खाली, लेथ थंड, रस्त्यावर बीडाची भुकटी
आणि एक कुत्रं, ज्याला वार कळत नाही.

सहाची राधानगरी गाडी. मुल्लाणी बाई आधीच बसलेल्या,
चष्म्याच्या दोरीत पेन्सिल अडकवून.
तीस वर्षं शाळेत बेडूक फाडले, म्हणाल्या,
आता उडतंय तेवढंच मोजायचं.
संयोगिताच्या मांडीवर भडंगाची पुडी.
फुलेवाडी गेली. परिते गेलं. पाचट जाळून काळी केलेली रानं.
येतो म्हटलं होतं, खरं मला
फुलपाखरातलं काय कळतंय?
मला पोरीनं ओढून आणलेलं.

दाजीपूरच्या अलीकडं उतरलो.
जांभ्याचा उतार, चपलेत तांबडी माती,
अंजनीच्या फांद्यांना बिलगलेली निळी-जांभळी फुलं,
करवंदं अजून दात आंबवणारी.
बाईंनी वहीत रकाने आखले:
नाव, वेळ, ऊन, किती.
'हलू नका. ते तुम्हाला बघतंय.'
कोण?
समोर एक वाळकं पान.
पान उघडलं. आत निळं, केशरी पट्टा.
मिटलं. परत वाळकं पान.
शुष्कपर्ण, एक.
त्यानंतर बराच वेळ मी
पाचोळ्याकडं संशयानं बघत चाललो.

हळदीकुंकू चार, फार उंचावर. लिंबाळी दोन.
एक तपकिरी, त्याचं नाव बाईंनाही येईना.
संयोगितानं ठेवलं, 'महाद्वार रोड'.
का गं?
'तिथं पप्पा पार्किंगसाठी असंच गरागरा फिरतात.'
बाईंनी न हसता तेही लिहिलं.

नीलवंत मात्र नाही.
पोरीला तेवढंच पाहिजे होतं. काळं मखमल,
त्यावर निळाई, पुस्तकात तिच्या पंजाएवढी.
नीलवंत: शून्य.
'शून्यबी लिहायचं असतंय,' बाई म्हणाल्या,
'नाहीतर आपण बघितलंच नाही, असं होतंय.'

दुपारी धरणाच्या मागं. पाणी हटलेलं,
गाळाला भेगा, भेगांत कोवळं गवत.
म्हशी नुकत्याच उठून गेलेल्या
आणि त्यांच्या बसकणीतल्या ओलीवर
पिवळी, पांढरी, पंख मिटलेली,
सगळी एकाच दिशेला तोंड करून.
'म्हशीचं मूत पितात?' पोरीनं नाक दाबलं.
'मीठ लागतंय त्यांना. नरांनाच जास्त.'
मी माझ्या शर्टाकडं बघितलं,
पाठीवर, बगलेत वाळलेल्या पांढऱ्या रेघा.

मोजायला वाकलो तर सावली पडली, सगळी उडाली.
'शंभर लिहू?'
'अंदाज नको. परत बसू देत.'
उन्हात वीस मिनिटं. भाकरीवरचा खर्डा उन्हानं जास्तच लागला.
एकशे सदतीस.

परतताना जांभळीखाली संयोगिता थांबली.
वर कोतवाल, शेपूट हलवत.
खाली एक पंख.
काळं मखमल, त्यावर निळाई.
'पोट तेवढं खातो,' बाई म्हणाल्या, 'पंख टाकून देतो.'
'मग अर्धा तरी लिहा.'
बाईंनी वही मिटली. शून्य तसंच राहिलं.
गाडीत पोर बोलली नाही.
पंख माझ्या खिशात, एसटीच्या तिकिटात गुंडाळून.

मंगळवारी पहिली पाळी.
जॉब लावायच्या आधी, कुणी बघत नाही असं बघून,
मायक्रोमीटरच्या तोंडात तो पंख धरला.
वीस वर्षं या बोटांनी केसापेक्षा बारीक फरक ओळखलाय.
रॅचेट फिरवलं. टिक. टिक.
माप आलंच नाही म्हणा, किंवा आलं ते
वाचायच्या आत पंख चुरला.

ऐरणीवर निळी भुकटी राहिली, दिसेल न दिसेल एवढी.
तोंड मिटलं तर काटा
शून्याच्या एक रेघ पुढं.
पुसायला मलमल हातात होती.
शेजारच्या लेथवरनं दगडूनं आवाज दिला,
'काय झालंय रं, खराब हाय काय?'
नाही, म्हटलं. बरोबर दाखवतंय.